बाजाराचा मालकच व्यापारी झाला तर?

महाकाय डिजिटल कंपन्यांवर बंधने घातली तर नवनिर्मिती खुंटेल, असा प्रचार सध्या जोमाने चालू आहे. खेदाची गोष्ट ही की, आपल्यातील काही सुशिक्षितही तो प्रमाण मानू लागले आहेत. विदर्भातील माणसाने तरी त्यास बळी पडू नये.

वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. तो इंग्रजांनी मँचेस्टरच्या सोयीसाठी केला आणि बाजार समित्यांत शेतकऱ्याला पुरेसे स्थान दिले नाही, हे खरे. परंतु बाजार ही कोणाची खाजगी जहागीर नव्हे, हे तत्त्व त्याने रुजविले. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. अडत्याला परवाना, उघड लिलाव, ठरलेली तोलाई आली; रुमालाखाली बोटे दाबून भाव करण्याची रीत मागे पडली. त्यामुळे कापसाचा व्यापार बुडाला नाही.

डिजिटल मंच हाही बाजारच आहे. फरक एवढाच की, येथे बाजाराचा मालक, अडत्या, तोलणारा आणि स्पर्धक व्यापारी एकच असू शकतो. कोणाचा माल वर दिसावा, दलाली किती घ्यावी, हे तोच ठरवितो. हिशेब मात्र रुमालाखालीच राहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला आठवड्याभरात १,३३७.७६ कोटी व ९३६.४४ कोटी रुपयांचे दोन दंड केले. पहिल्या प्रकरणातील चौकशीचा आदेश २०१९ चा होता. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये अपिलात सुमारे २१७ कोटींवर आला. तोवर लहान उद्योजकाने तग कसा धरावा? म्हणूनच आधीच नियम घालून देणारा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये पुढे आला. तो संसदेत मांडण्याऐवजी सरकार विचारविनिमयातच रमले.

या कचरण्यामागे वॉशिंग्टनचा धाक आहे, असे मानण्यास जागा आहे. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवरील ६ टक्के कर १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला, तो अमेरिकी आयातशुल्काच्या धमक्या चालू असतानाच. त्याच वर्षी जुलैत, युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर, मायक्रोसॉफ्टने रशियन भागीदारीच्या नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीची सेवा तोडली. कंपनीने न्यायालयात धाव घेतल्यावर ती पूर्ववत झाली. परावलंबन याहून वेगळे काय असते?

नवनिर्मितीचा बागुलबुवा आपल्याला नवा नाही. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय चलन कायद्याची अट आयबीएमने मानली नाही आणि १९७८ मध्ये देश सोडला. संगणक बंद पडले नाहीत. त्यांची देखभाल सरकारी सीएमसी कंपनीने सांभाळली आणि देशी उद्योगास जागा मिळाली.

मात्र नियंत्रण म्हणजे जनतेचा आवाज दाबण्याची कळ सरकारच्या हाती देणे नव्हे. आणीबाणी भोगलेल्या चळवळीस हे सांगावयास नको. नियामक स्वायत्त हवा आणि त्यात लहान व्यापारी, टॅक्सीचालक व घरपोच सेवा देणारे कामगार यांचे प्रतिनिधी हवेत. १८९७ ची उणीव पुन्हा नको. मालकास स्वतःच्या बाजारात व्यापाराची मनाई आणि दलालीचे दर उघड, या दोन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी इतवारीच्या दुकानदारांपर्यंत गेले पाहिजे. कायदा दिल्लीत होईल. त्यासाठीचा रेटा येथूनच उभा करावा लागेल.