रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि मेथीची भाजी

मैत्रिणींनो, जन्मतः हृदयात दोष असलेली मुलं आता मोठी होतात, संसाराला लागतात. त्यांतल्या काहींना धातूची झडप बसवलेली असते, काहींचे ठोके अनियमित पडतात. तिथे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते. माझ्या धाकट्या जावेला अशी झडप आहे, त्यामुळे हा विषय आमच्या स्वयंपाकघरातलाच.

‘रक्त पातळ’ म्हणजे वरणात पाणी घालावं तसं नव्हे बरं का! रक्त गोठायला जास्त वेळ लागतो, इतकंच. रक्त गोठवणारे काही घटक आपलं यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करतं. वॉरफरिन, असिनोकुमॅरॉल या गोळ्या त्यातच अडथळा आणतात. (वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले! हे ऐकून जाऊबाई गोळीकडे बघतच राहिल्या.)

‘के’ जीवनसत्त्व पालक, मेथी, कोबी, कोथिंबिरीत भरपूर. म्हणून काही घरी सुनेच्या पानातली पालेभाजीच बंद होते. तसं करू नका. प्रमाण सारखं ठेवा. महिनाभर बटाटा-वांगं आणि जुडी स्वस्त झाली की आठवडाभर रोज मेथी, हे मात्र नको. ‘आयएनआर’ची तपासणी यासाठीच असते, त्या आकड्यावर डॉक्टर गोळी कमी-जास्त करतात. हल्ली तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या निघाल्यात, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. शेजारीण घेते म्हणून आपण घेऊ नये. अंगदुखीची गोळी नि काढेसुद्धा विचारूनच.

पाळीत जास्त जात असेल तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका. डोक्याला मार लागला, शौचाला काळं झालं, तर लगेच रुग्णालय गाठा.

आणि सर्वांत नाजूक गोष्ट. “पाळणा कधी हलणार?” असं सासूबाई विचारतात, पण या गोळीने पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला अपाय होऊ शकतो, आणि गोळी सोडली तर झडपेवर गुठळी होऊन आईचाच जीव धोक्यात येतो. म्हणून दिवस राहण्याआधीच हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या, दोन्ही डॉक्टरांकडे नवराबायकोने मिळून जावं. जमलं तर सासूबाईंनाही न्यावं; आमच्या गेल्या होत्या, नंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. पाळी चुकली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि त्यांनी सांगेपर्यंत गोळी आपल्या मनाने थांबवू नका.