होर्डिंगवरची विशेषणं

इंग्रजीतली भारी भारी विशेषणं फुकटात वाचायची असतील तर सायन-पनवेल महामार्गाने वाशीहून कळंबोलीकडे निघावं. बिल्डरांची होर्डिंग्ज असतातच: ऑप्युलंट, पलेशियल, बिस्पोक, आयकॉनिक. त्यात 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालेलं. आता उलवे-पनवेलची घरं 'अनपॅरलल्ड' झाली नाहीत तरच नवल. खाली बारीक अक्षरात महारेराचा नोंदणी क्रमांक. रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या केली आहे, ऑप्युलंटची केलेली नाही. त्यामुळे वन आरकेसुद्धा बिनदिक्कत ऑप्युलंट असू शकतो.

माझी भाची घणसोलीला राहते. मराठी माध्यमातून बी.कॉम. झाली, आता ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मुलाखती देते आहे. तिने एक वही केली आहे. डावीकडे इंग्रजी विशेषण, उजवीकडे मराठी अर्थ. मेटिक्युलस म्हणजे काटेकोर, अर्ड्युअस म्हणजे खडतर, टॉरेन्शियल म्हणजे मुसळधार. पाठांतर चोख. परवा सरावासाठी मला इंग्रजीतून दिवस कसा गेला ते सांगत होती, त्यात घणसोली स्टेशनवर 'टॉरेन्शियल क्राउड' निघाला.

"अगं, मराठीत मुसळधार गर्दी म्हणशील का?"

"मामा, काहीतरीच काय! मुसळधार पाऊसच असतो."

मग इंग्रजीने तेवढी आवडनिवड का ठेवू नये? टॉरेन्शियललाही पाऊसच लागतो. मेटिक्युलसला नियोजन, नोंदी नाहीतर एखादा चिकित्सक माणूस. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, पाऊस मात्र 'हेवी'. नियम विचाराल तर नाही; वहिवाट आहे. ती शोधायला ऑक्सफर्डचा कोलोकेशन्सचा कोश मिळतो. त्यात रेन उघडलं की पावसाला चालणारी विशेषणं ओळीने हजर. साध्या कोशापेक्षा मला तो शंभरपट उपयोगी वाटतो.

आमच्या वडिलांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवल्या. त्यातल्या वाक्यांना आज हसू येतं, पण शब्द यायचा तो वाक्यात बसूनच. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. भाचीलाही ते पहिलीपासूनच होतं. पण तिच्याकडे साठले ते सुटे शब्द आणि त्यांचे अर्थ.

दुसरी अडचण 'व्हेरी'ची. जड शब्द सापडला की त्याला आणखी जोर द्यायचा मोह होतो. पण 'एक्झॉस्टेड'मध्ये 'व्हेरी टायर्ड' आधीच मुरलेलं असतं. फारच वाटलं तर 'ॲब्सोल्युटली' लावावं. भाचीला हे चटकन पटलं, कारण पिवळाधमकच्या आधी 'खूप' लावलं की तिच्याही कानाला खटकतं.

विशेषणं रांगेत उभी करायची असली की आणखी मजा. आधी आपलं मत, मग आकारमान, वय, रंग, मूळ ठिकाण आणि शेवटी कशाचं बनलंय ते. इंग्रजी लेखक टोल्किन सात-एक वर्षांचा असताना त्याने ड्रॅगनची गोष्ट लिहिली. 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' म्हणता येत नाही, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणायचं, असं आईने सांगितलं. का, ते आपल्याला अजून कळलेलं नाही, असं त्याने म्हातारपणाकडे झुकताना एका पत्रात लिहून ठेवलं आहे. साक्षात ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाची ही गत, तिथे घणसोलीच्या मुलीने त्या क्रमाचा तक्ता घोकू नये. मोठं जुनं लाकडी कपाट आपण तरी कुठे तक्ता पाहून म्हणतो?

एक मात्र मी तिला बजावलं आहे. मुलाखतीत स्वतःबद्दल 'डायनॅमिक' आणि 'पॅशनेट' म्हणायचं नाही. ती होर्डिंगची भाषा झाली. 'मी गेल्या वर्षी सोसायटीचे हिशेब लिहिले, ऑडिटरने एकही शेरा मारला नाही,' हे साध्या इंग्रजीत सांग, मेटिक्युलस हा शब्द समोरच्याला सुचू दे.

तिला हे फारसं रुचलेलं नाही. "मग एवढी वही भरली ती कशाला?" म्हणाली. वही मात्र तिने बदलायला घेतली आहे. प्रत्येक विशेषणापुढे आता नाम लिहिते. ऑप्युलंटपुढची जागा बरेच दिवस कोरी होती. काल पाहिलं तर तिथे तिने लिहिलं होतं: 'वन आरके, खारघर, रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटं.'