शर्यत मार्चमध्ये, तयारी ऑगस्टपासून

अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीचा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, हा मुक्या जनावरांचा निव्वळ छळ आहे. दुसरा म्हणतो, छे हो, त्या कुत्र्यांना पळायला आवडतंच! मला विचाराल तर दोघंही चुकीच्या जागी बघतायत. बघायचं ते शर्यतीच्या आधीच्या सहा-सात महिन्यांकडे.

शर्यत साधारण १६०० किलोमीटरची. १९७३ पासून दर मार्चमध्ये अँकरेज ते नोम अशी होते. (२०२५ मध्ये वाटेत पुरेसा बर्फच नव्हता, म्हणून फेअरबँक्सहून सुरू करावी लागली. आता बोला!) तयारीला मात्र ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरुवात होते. तेव्हा बर्फाचा पत्ता नसतो, म्हणून कुत्री जुंपतात चक्क चारचाकी मोटरसायकलला. आधी तीन-चार किलोमीटर, मग हळूहळू वाढवत. तेही पहाटे किंवा रात्री, कारण त्यांना थंडीचा त्रास कमी, उकाड्याचा जास्त. आपण स्वेटर शोधू लागतो तेव्हा ती धापा टाकत असतात.

पण पळणं हा सोपा भाग. ते शिकवावं लागतच नाही. शिकवावं लागतं ते खायला आणि झोपायला. शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी लागतात, त्यातला मोठा वाटा चरबीचा. दमलेलं कुत्रं अन्नावरून तोंड फिरवतं आणि मग सगळंच बिघडतं. म्हणून हिवाळाभर सराव चालतो तो असा: पाच-सहा तास पळायचं, वाटेतच थांबायचं, समोर येईल ते खायचं, गवतावर अंग टाकून झोपायचं, उठून पुन्हा पळायचं. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या मायकेल डेव्हिस यांनी या कुत्र्यांचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. सरावलेल्या कुत्र्याच्या स्नायूंतली साठवलेली साखर पहिल्या टप्प्यात झपाट्याने उतरते, पण पुढच्या काही दिवसांत शरीर स्वतःला जुळवून घेतं. माणसाला काही हे जमत नाही.

मग पाय. प्रत्येक कुत्र्यामागे आठ कापडी मोजे जवळ असलेच पाहिजेत असा नियम आहे. शर्यत संपेपर्यंत एका चमूचे हजाराच्या वर मोजे सहज लागतात, आणि प्रत्येक मोजा त्या गोठवणाऱ्या थंडीत हाताने चढवायचा. वाटेतल्या ठाण्यांवरच्या खाण्याच्या पिशव्या कित्येक आठवडे आधी भरून पाठवायच्या. प्रत्येक कुत्र्याची रक्ततपासणी आणि हृदयाचा आलेख काढायचा. एवढं सगळं करणाऱ्याला सरसकट क्रूर म्हणणं मला तरी जमत नाही.

पण 'त्यांना आवडतं' हा युक्तिवाद मला त्याहून जास्त खटकतो. आवडतं हे खरंच आहे आणि नेमकी तीच अडचण आहे. पळण्याची हौस असलेलं कुत्रं दुखऱ्या खांद्यानेही पळतं. ते 'नाही' म्हणत नाही, त्याच्या वतीने ते मशरने म्हणायचं असतं. चालीतला बारीक फरक ओळखायला शिकणं ही माणसाची तयारी. कुणाला घरी ठेवायचं, कुणाला वाटेतल्या ठाण्यावर पशुवैद्यांच्या हवाली करायचं, हे ठरवायला छाती लागते. नोमला पोचताना किमान पाच कुत्री जुंपलेली हवीत, एवढंच बंधन आहे. बाकीची वाटेत उतरवता येतात.

आणि स्पर्धा या निर्णयाच्या आड येतेच. २०२२ मध्ये वादळात कुत्र्यांना निवाऱ्याच्या खोपटात घेतलं म्हणून तीन स्पर्धकांवर कारवाई झाली. कारण काय, तर त्यांच्या कुत्र्यांना इतरांपेक्षा जास्त आराम मिळाला! नियम म्हणून बरोबर असेलही, पण ऐकायला कसं वाटतं? २०२४ मध्ये शर्यतीत तीन कुत्री मेली.

सक्तीची विश्रांती आज एकूण ४० तास आहे: एकदा २४, आणि आठ-आठ तास दोनदा. २०१७ मध्ये मिच सीव्ही आठ दिवस आणि पावणेचार तासांच्या आत नोमला पोचला होता, यावरून हिशेब करा. चांगले मशर तसेही पळवतात जवळपास तितकाच आराम देतात. मग तेच नियमात लिहा ना! फार तर जुने विक्रम मोडणार नाहीत.