बँकेने घराची किंमत कमी लावली, आता काय?

चिंचोळी एमआयडीसीत पाळी करणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांचं पहिलं घर आज ठरतंय, कुठे सोलापूर शहराच्या कडेला, कुठे पुणे महामार्गालगतच्या गावात. घर पसंत पडतं, इसार दिला जातो, बँकेत फाईल जाते. मग बँकेचा व्हॅल्युअर येतो आणि ठरलेल्या भावापेक्षा कमी किंमत लावतो. घरात एकदम चिंता पसरते.

हिशेब बघा. समजा सौदा २४ लाखांचा आहे आणि व्हॅल्युएशन आलं २० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते. पण करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यातली जी कमी, तीच बँका साधारणपणे धरतात. म्हणजे २१ लाख ६० हजारांऐवजी १८ लाख. पदरचे २ लाख ४० हजार घालायचे होते, ते झाले ६ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळीच.

इथे एजंट रेडीरेकनरचा दाखला देतो. १ एप्रिल २०२५ पासून सोलापूर महापालिका क्षेत्रात हे दर सरासरी १०.१७ टक्के वाढले, राज्यातल्या महापालिकांत सर्वाधिक. पण रेडीरेकनर हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीचा सरकारी दर आहे. तो वाढला म्हणून प्रत्येक घराचा बाजारभाव तितकाच वाढला, असं होत नाही. शिवाय चिंचोळी मोहोळ तालुक्यात येते. शहराचा आकडा तिथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे किंमत कमी का लागली, हे बँकेला विचारणं. अहवालाची प्रत मागावी. कारणं दोन प्रकारची असतात. एक, कागदांची: बिनशेती आदेश नाही, गुंठेवारीचा प्लॉट नियमित झालेला नाही, सातबारा सामाईक आहे, वरचा मजला परवानगीशिवाय बांधलाय. असं असेल तर भावाची घासाघीस नंतर, आधी कागद. विक्रेत्याने ते पूर्ण करून दिले नाहीत, तर बँक सोडा, उद्या तुम्हालाही ते घर विकता येणार नाही.

दुसरं कारण निव्वळ भावाचं. मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच भागातल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक २ पाहा. व्हॅल्युअरने क्षेत्रफळ चुकीचं धरलं असेल किंवा जवळचे व्यवहार बघितले नसतील, तर पुराव्यासह फेरविचार मागा. दुसऱ्या बँकेतही विचारता येतं, मात्र फी पुन्हा भरावी लागते. पुरावा व्हॅल्युअरच्याच बाजूचा निघाला, तर तो अहवाल घेऊन विक्रेत्यासमोर बसा आणि भाव कमी करायला सांगा. आपल्याकडे बोलायला संकोच वाटतो, पण पुढची वीस वर्षं हप्ते आपल्यालाच भरायचेत.

काय करू नये, तेही स्पष्ट असावं. फरक भरायला पर्सनल लोन काढू नका; एका पगारावर दोन हप्ते बसतात. बायकोचे दागिने त्यात घालण्याआधी दहा वेळा विचार करा, आणि ती रक्कम तिची आहे हे विसरू नका. ‘व्हॅल्युअरला सांभाळून घेऊ’ म्हणणाऱ्या एजंटपासून तर दूरच राहा. आकडा फुगला की कर्ज फुगतं, आणि ते फेडणारे आपणच असतो.

खरा बचाव इसार देण्याआधीच होतो. बँकेचं व्हॅल्युएशन कमी आलं किंवा कर्ज नामंजूर झालं तर इसार परत मिळेल, ही अट इसार पावतीत आणि साठेखतात लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका. इसार चेकनेच द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे.

आणि आपल्यातली जी कुटुंबं व्याज नको म्हणून बँकेकडे जातच नाहीत, भिशी, बचत आणि आखातातल्या भावाच्या पैशांतून घर घेतात, त्यांचं काय? त्यांना ‘भाव जास्त आहे’ असं सांगणारं कुणीच नसतं. त्यांनी स्वतः फी देऊन नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून किंमत काढून घ्यावी आणि वकिलाकडून सर्च रिपोर्ट करून घ्यावा. या सौद्यात विक्रेता आणि एजंट दोघांनाही भाव चढा हवा असतो. तो खाली आला तर ज्याचं काही बिघडत नाही, असा एक तरी माणूस आपल्या बाजूने घर बघून गेलेला असावा.