हसणाऱ्यांनो, जरा दम धरा!

"इतका वाईट, की चांगला!" खुनी यंत्रमानवांच्या जुन्या भयपटांबद्दल हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता डोकं उठतं. ब्लॉगवरच्या दोघा स्नेह्यांनी हल्लीच हे लिहिलं आणि आमचे भाचेबुवाही तीच री ओढतात. चार मित्र जमवायचे, चिवड्याची परात मध्ये ठेवायची आणि पडद्यावरच्या पत्र्याच्या डब्याला खो खो हसायचं. त्याला म्हणे नॉस्टॅल्जिया!

मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. या सिनेमांची गोडी त्यांच्या भिकारपणात नाही, प्रामाणिकपणात आहे.

माझ्या लाडक्या सिनेमाचंच उदाहरण घेतो. 'चॉपिंग मॉल', १९८६. दिग्दर्शक जिम विनोर्स्की, निर्माती ज्युली कॉर्मन (स्वस्तात सिनेमे काढण्यात हयात घालवलेल्या रॉजर कॉर्मन यांची पत्नी). आधी नाव होतं 'किलबॉट्स'. त्या नावाने चालला नाही, म्हणून कापून-छाटून, नवं नाव देऊन पुन्हा आणला. लांबी जेमतेम ७७ मिनिटं. मॉलच्या रखवालीला तीन यंत्रमानव नेमलेले. रात्री पोलादी दारं बंद होतात, वीज पडून संगणक बिघडतो, आणि फर्निचरच्या दुकानात चोरून पार्टी करणारी चार जोडपी आत अडकतात. पुढचं सांगायला नको.

हे यंत्र माणूस मारतं आणि वर आभार मानून "तुमचा दिवस छान जावो" म्हणतं! हसणारे इथे हमखास हसतात. मीही हसलो. पण ते वाक्य कुणाचं आहे? गल्ल्यावरच्या माणसाचं. यंत्र बिघडलं, माणसं मेली, तरी गिऱ्हाइकाशी बोलायची रीत मात्र शाबूत! बँकेला फोन केला की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं अर्धा तास ऐकावं लागतं, तेव्हा मला हटकून हेच यंत्र आठवतं.

आणि मरणाऱ्यांत कोण आहे तेही पाहा. डिक मिलरने केलेला झाडूवाला. बिचारा फरशी पुसतोय, सांडलेल्या पाण्यात उभा आहे, आणि यंत्र त्याला विजेचा झटका देतं. ज्या मालकांनी हौसेने ही यंत्रं आणली ते केव्हाच घरी गेलेत! 'रोबोट' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगात पसरला. त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोता' शब्दाचा अर्थ सक्तीची मजुरी, आपली वेठ. वेठीला धरलेलं यंत्र वेठीतल्याच माणसाला मारतं, हे त्या स्वस्त सिनेमाला दिसलं. कोट्यवधी ओतून काढलेल्या किती सिनेमांना दिसतं?

यावर भाचेबुवा म्हणतील, "मामा, त्यांच्याकडे पैसे नव्हते, तुम्ही उगाच अर्थ चिकटवताय." पैसे नव्हतेच रे बाबा! म्हणून तर रॉबर्ट शॉर्टने खरीखुरी चालणारी यंत्रं बनवली. नट पळतो तेव्हा त्याच्यामागे खरोखरच काहीतरी घरघरत येत असतं. चित्रीकरणही लॉस एंजेलिसच्या खऱ्या मॉलमध्ये झालं, शर्मन ओक्स गॅलेरियात. तो बंदिस्त मॉल १९९९ साली बंद झाला. गंमत म्हणजे मुंबईत हाजीअलीजवळ 'क्रॉसरोड्स' मॉल उघडला तोही १९९९ सालीच. म्हणजे १९८६ सालच्या मॉलच्या आठवणी माझ्यापाशी असायचं कारणच नाही. तरी सिनेमा गोड लागतो. मग ही गोडी निव्वळ आठवणींची कशी?

सगळ्याच पत्र्याच्या डब्यांची वकिली मी करणार नाही. १९८७ चा 'रोटर' घ्या, पोलिसी यंत्रमानवाचा. तो निव्वळ वाईट आहे. त्याला खुशाल हसा.

खरा राग आहे तो दुसऱ्याच प्रकारावर. २०२२ च्या 'मेगन'मधली बाहुली खून करायला निघते आणि मध्येच नाचून दाखवते. प्रेक्षकाने हसावं म्हणून सिनेमाच आधी डोळा मारतो. 'चॉपिंग मॉल'मध्ये विनोद भरपूर आहेत, दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा आहेत, पण यंत्र स्वतः एकदाही डोळा मारत नाही. ते आपलं काम करतं. भीती तिथे आहे.

आणि हसून होतं काय? २०१७ च्या जुलैत वॉशिंग्टनला रखवालीचा एक खराखुरा यंत्रमानव कारंज्याच्या हौदात पडला. तो फोटो जगभर फिरला, त्याने आत्महत्या केली म्हणून विनोद झाले. भाचेबुवांनी मलाही पाठवला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या एका मॉलमध्ये त्याच जातीच्या यंत्राने सोळा महिन्यांच्या बाळाला पाडलं आणि ते त्याच्या पायावरून गेलं, असं आईवडिलांनी सांगितलं. बाळ थोडक्यात बचावलं. ती बातमी मला कुणीच पाठवली नाही.