फसफसतो तो मळ नव्हे, दगड



शहाबादी फरशी ॲसिडने धुवावी, फेस आला की मळ सुटतोय असे समजावे, हा गेल्या अंकातील एका वाचकाचा सल्ला वाचून राहवले नाही. तो फेस मळाचा नसतो, फरशीचाच असतो. शहाबादी, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. फरशीचे ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. दोघांची गाठ पडली की कॅल्शियम क्लोराईड, पाणी आणि कार्बन डायऑक्साईड तयार होतो. बुडबुडे त्या वायूचे. 73 ग्रॅम शुद्ध आम्ल 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट खाऊन टाकते. फरशी उजळते, कारण तिचा वरचा थरच गेलेला असतो. मग ती खरबरीत होते आणि पुढचा मळ आणखी घट्ट धरून ठेवते.

कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड थोडा वेळ उपडी ठेवून पाहा. काळ्या दगडावर पांढुरका डाग उमटतो, कितीही घासा, जात नाही. लिंबाने एवढे होते!

पत्रलेखकांच्या अंगणातल्या काळ्या दगडाला ॲसिडने काही झाले नाही, हे खरे असेल. सह्याद्रीचा काळा पाषाण बेसाल्ट. तो सिलिकेटी खनिजांचा, फसफसेल कशाला?

फरशीला साबणाचे पाणी पुरे. ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळण्याचा सल्ला मात्र त्यांनी पुढच्याच अंकात मागे घ्यावा. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

— एक वाचक