मंत्रचळ : दोष कुणाचा?

'मंत्रचळ' हा शब्द आपल्या घरांतून फार सहज उच्चारला जातो. मंत्रोच्चारात चूक झाली म्हणून बुद्धी चळली, असा त्यामागचा जुना समज. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या समजाबद्दल आहे. कारण त्यात आजारी माणसालाच आरोपी केलेले आहे.

माझ्या नात्यातील अकरा वर्षांचा एक मुलगा हात धुताना मोजत असे. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बोटांची साले निघाली, तरी थांबेना. आजी कौतुकाने म्हणाल्या, "घराण्याचे सोवळे या पोरानेच राखले." वडील म्हणाले, "अभ्यास टाळण्याची नाटके!" शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. या तीन निवाड्यांत दोन वर्षे गेली. सरकारी सेवेत असताना कागद पाहिल्याविना नस्तीवर शेरा न मारणारा मी, घरच्या मुलाच्या बाबतीत मात्र पुरावा न मागता गप्प बसलो.

पुरावा तर केव्हाच उपलब्ध होता. डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, त्या या विकाराच्या रुग्णांच्या मेंदूची चित्रे लॉस एंजेलिसच्या लुइस बॅक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचारापूर्वी आणि नंतर घेतली. काहींना औषध दिले होते, काहींना केवळ वर्तनोपचार. १९९२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूतील 'कॉडेट' या केंद्राची क्रियाशीलता दोन्ही गटांत उतरली. ते रुग्ण प्रौढ होते. मुलांचाही समावेश असलेले 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय गटाचे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १,८३० रुग्णांच्या मेंदूचित्रांची निरोगी व्यक्तींच्या चित्रांशी तुलना होती, आणि आपल्या बंगळुरूची निम्हान्स संस्थाही सहभागी होती. औषध सुरू न झालेल्या मुलांत 'थॅलॅमस' हा भाग सरासरीने किंचित मोठा आढळला. नाटकाने कुणाचा थॅलॅमस वाढत नाही.

परंतु येथेच दुसरा खड्डा आहे. हे वाचून कुणी मुलाला घेऊन थेट एमआरआयच्या यंत्राकडे धावू नये. हा फरक शेकडो जणांच्या सरासरीतला आहे. एका मुलाचे चित्र पाहून या आजाराचे निदान होत नाही. आमच्या घरी नेमके तेच घडले. नागपुरास जाऊन हजारो रुपये खर्चून चित्र काढले, अहवाल आला 'नॉर्मल', आणि वडिलांनी तो कागद मुलासमोर नाचवला : "पाहा, काही झालेलेच नाही!" विज्ञानाचा कागद अज्ञानाच्या हाती पडला की तोही काठीसारखा वापरला जातो. त्या दिवशी मुलगा रडलाही नाही. उठला आणि हात धुवायला गेला.

निदान होते ते मुलाचे ऐकून घेतल्याने. मनात नको असलेली भीती येते, ती शमवण्यासाठी कृती करावी लागते आणि त्यातच तासन्‌तास जातात, हे तो सांगतो. आपण विचारीत नाही, एवढेच. उपचारही ज्ञात आहेत. भीतीला थोडे-थोडे सामोरे जायचे आणि ती कृती रोखून धरायची, असा सराव तज्ज्ञ करवून घेतात. गरज पडल्यास औषध देतात. २००४ साली अमेरिकेत ११२ मुलांवर झालेल्या चाचणीत वर्तनोपचार व औषध एकत्र दिलेल्या गटातील निम्म्याहून अधिक मुलांची लक्षणे जवळजवळ ओसरली होती. नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा चारही नव्हते.

काही वाचक म्हणतील, सोवळ्याला नावे ठेवता काय? मुळीच नाही. सोवळे पाळून माणूस समाधानाने पाटावर बसतो. हे मूल समाधानापर्यंत कधी पोहोचतच नाही. या दोहोंतला भेद ज्याला कळत नाही, त्याला सोवळेही कळलेले नाही. मुलाने दहादा विचारले म्हणून दहादा 'हो, हात स्वच्छ आहेत' अशी ग्वाही देणारे प्रेमळ घरही नकळत आजारच पोसत असते.

बालाघाटात बालमनोविकारांचे तज्ज्ञ कोठून आणावेत, ही अडचण खरी आहे. परंतु २०२२ पासून शासनाची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि नागपूर आपल्याला काही परके नाही. लग्नाच्या खरेदीला आपण तेथे जातोच.

तो मुलगा आता उपचार घेत आहे. आकडा अजून पुरता सुटलेला नाही. पण परवा तो माझ्यासोबत पंक्तीत वेळेवर बसला. ती दोन वर्षे मात्र आम्ही त्याला परत देऊ शकत नाही. चळ लागला होता तो आमच्या विवेकाला.